इथलं नाव दुसऱ्याकडे आहे

आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या ओसिपभावजींना मी फार छळलं. सकाळी नळावर बादली लावून उभे असले की विचारायचं, "काय भावजी, आज कुठल्या देशाचे?" ते बादलीत बघत म्हणायचे, "आज इथलाच. पाणी गेलं की मग ठरवू." माझा नवरा म्हणायचा, एखाद दिवशी ती बादली तुझ्या डोक्यावर उलटी होईल. झाली नाही. माणूसच तसला नव्हता. गेल्या थंडीत गेले, आणि नळावर आता चेष्टा करावी असं कुणी उरलं नाही.

ओसिप हे काही त्यांचं नाव नव्हे. म्हणजे होतं, आणि नव्हतंही. नीट सांगते.

भावजी गोदीत कामाला. जहाजातून माल वर काढायचा, तर आधी त्याला साखळ्या बांधून क्रेनच्या आकड्यात अडकवावं लागतं, ते त्यांचं काम. तिथली पद्धत अशी, की साखळी नीट बसली की वरून क्रेनवाला बांधणाऱ्याचं नाव घेऊन ओरडतो, बांधणारा हात वर करतो, मगच ओझं हलतं. नाव आणि हात. या दोन्हींत घोळ झाला तर खाली कुणाचा तरी लगदा. फार पूर्वी एकाच टोळीत एकाच नावाचे दोघे होते. हाक एकाला मारली, हात दुसऱ्याने वर केला, आणि तिसऱ्याचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून गोदीत नियम झाला: एका टोळीत एक नाव एकालाच. जो आधीचा, नाव त्याचं. मागून येणाऱ्याने दुसरं काहीतरी घ्यायचं, आणि आधीचा कामावरून उतरला की नाव पुढच्याकडे जायचं.

आता भावजींच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव असं, की मी ते इथे लिहिलं तर निम्मी आळी "काय गं?" म्हणत दार उघडेल. कामाचा पहिला दिवस, भावजींनी मुकादमाला नाव सांगितलं, आणि टोळी फिदीफिदी हसली.

"आहे एक आमच्याकडे," मुकादम म्हणाला. "तो थोरला. त्याचं झालं की तुझं."

"त्याचं कधी होणार?"

"गुडघे धडधाकट आहेत त्याचे. तोवर काय म्हणू तुला? टकल्या? वाकड्या?"

भावजींना तेव्हा भरगच्च केस होते. (नंतर मुकादमाचा शब्द खरा झाला ते सोडा.) धक्क्याला लागलेल्या जहाजाचा स्वयंपाकी कठड्यावर कांदे सोलत ऐकत होता. तो म्हणाला, हे नाव तर माझंही आहे, फक्त आमच्या मुलखात याचं लाडकं रूप बेप्पे. झालं! भावजी बेप्पे झाले.

पुढे त्यांची बदली दुसऱ्या टोळीत झाली. तिथे खऱ्या नावाचा एक होताच, आणि त्याच्यामुळे आधीच बेप्पे झालेला आणखी एक होता. मग भावजी पेपे. वर्षा-दोन वर्षांनी मूळ टोळीत परत आले, तर बेप्पे मधल्या काळात कुणीतरी घेऊन टाकलेलं, पेपेही गेलेलं. शेवटी बर्फाच्या देशातल्या एका मिशाळ खलाशाने आपल्याकडचं रूप दिलं, ओसिप. ते मात्र चिकटलं. गोदीतून ते आळीत आलं, आळीतून जिन्यावर, जिन्यावरून आमच्या तोंडात.

एकच नाव, पण देशागणिक टोपी बदलून हिंडणारं. कुठे युसूफ, कुठे जोसे, कुठे योसेफ, कुठे जुझेप्पे. भावजींना नाद लागला. नवं जहाज आलं की हे शिडीखाली उभे: "तुमच्याकडे हे नाव आहे का हो? कसं म्हणतात?" त्या नावाचा कुणी निघाला की त्याला मिठी मारायचे, नावभाऊ म्हणायचे. मी म्हणायची, "भावजी, सख्ख्या भावाशी बोलत नाही, आणि हे नावभाऊ बरे जमवलेत." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "सख्ख्या भावाकडे वाटणी आली वहिनी, यांच्याकडे नुसतं नाव आहे."

त्यांची मुलगी लहान असताना तिला झोपवायला ते ही रूपं एकामागून एक म्हणत. भिंत पातळ, आम्हीही ऐकत पडायचो. एकदा तिने विचारलं, "बाबा, आणि आपल्या इथे काय म्हणतात?"

भिंतीपलीकडे पांघरूण ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "इथलं दुसऱ्याकडे आहे. झोप."

त्या दिवसापासून मला ती चेष्टा पूर्वीसारखी करता येईना. करायची सोडली नाही म्हणा. पण मनात हिशोब सुरू झाला, की या माणसाला त्याच्या नावाने हाक कोण मारतं? बायको "अहो". मुलगी "बाबा". गोदी आणि आळी "ओसिप". आई मारायची, ती गेली. म्हणजे आईबरोबर त्यांचं नाव तोंडात घेणारं शेवटचं माणूस गेलं होतं. उरलं होतं ते थोरल्याकडे, रोज धक्क्यावर दणक्यात उच्चारलं जाणारं, आणि हे शेजारी उभे राहून न वळायला शिकत होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, मला एकदा सांगितलं, "झोपेत कुणी ते नाव घेतलं तरी हे हलत नाहीत. इतकं मन घट्ट केलंय."

आणि मग थोरल्याचे गुडघे एकदाचे बोलले.

थोरला कामावरून उतरणार ही बातमी भावजींनी जिन्यात मलाच पहिली सांगितली. केस गेलेले, कमरेत पट्टा, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. "वहिनी, सोमवारपासून मी मी." ताईंनी कोटाला नवी बटणं लावली. मी दारातून ओरडले, "भावजी, नाव मिळाल्याचा चहा कधी?" ते म्हणाले, "आधी एकदा हाक ऐकू दे. मग चहा."

सोमवारी काय झालं ते क्रेनवाल्याने नंतर आमच्याच ओट्यावर बसून सांगितलं.

सकाळी मुकादमाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, आजपासून नाव ओसिपचं. त्याच सकाळी टोळीत एक नवा माणूस आला होता. चाळिशीचा, अंगावर दुसऱ्याचा सदरा, बरोबर सामान नाही. त्याचं गाव, त्याची माणसं, यांचं काय झालं हे त्याने कधी सांगितलं नाही आणि त्याच्या तोंडाकडे बघून कुणी विचारलं नाही. आपल्या भाषेचा त्याला एक शब्दही येत नव्हता. नाव विचारलं तर त्याने तेच सांगितलं, आणि त्याच्या मुलखात ते अगदी आपल्यासारखंच म्हणतात! टोळी पुन्हा हसली. मुकादमाने त्याच्या छातीवर बोट ठेवून शिकवलं, "तू पाहुणा. कळलं? पा-हु-णा." त्याने मान हलवली.

काम सुरू झालं. गंमत अशी की नाव मिळालं खरं, पण सवयीने जो तो "ओसिप, इकडे", "ओसिप, साखळी" करत होता. भावजी वाट बघत होते. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी लाकडाच्या ओंडक्यांची मोळी वर गेली आणि वाऱ्याने फिरली. पाहुणा नेमका तिच्या वाटेत, पाठमोरा. क्रेनवाला ओरडला, "पाहुण्या, हट!" मुकादम ओरडला, "पाहुण्या!" सगळे ओरडले. तो ढिम्म. त्याच्या दृष्टीने कुणी दुसऱ्यालाच बोलावत होतं.

मग भावजींनी हाक मारली. स्वतःचं नाव, छाती फुटेल एवढ्या जोराने.

तो माणूस चटका बसल्यासारखा वळला, वर बघितलं, उडी मारली. ओंडके तो उभा होता तिथून गेले.

क्रेनवाला म्हणाला, "वैनी, त्या दिवशी त्या नावाने पहिली हाक कुणी मारली असेल, तर ओसिपनेच. आणि तेही दुसऱ्यासाठी."

दुपारी भावजी मुकादमाकडे गेले. "नाव त्याला द्या."

"वेडा आहेस का? इतकी वर्षं थांबलास. शिकेल तो चार दिवसांत."

"आणि हे चार दिवस?"

"अरे, पण पाळी तुझी आहे."

"मुकादम, मी कशालाही वळतो. बेप्पे म्हणा, ओसिप म्हणा, नुसती शिट्टी मारा. तो एकालाच वळतो."

संध्याकाळी भिंतीपलीकडे जे झालं ते मी कान लावून ऐकलं, खोटं कशाला बोलू.

"छत्री दिलीत, गप्प बसले," ताई म्हणत होत्या. "माझ्या माहेरचा स्टो दिलात, गप्प बसले. आता नाव पण देऊन आलात?"

"दिलं नाही गं. वापरायला दिलंय."

"परत कधी करणार तो?"

नियम भावजींना ठाऊक होता. पाहुणा त्यांच्याहून वयाने लहान, तो गोदीत असेतोवर नाव त्याचं. हे आधी उतरणार. म्हणजे आता कधीच नाही. मी चहाचा विनोद तयार ठेवला होता. तो घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले.

पाहुणा भाषा शिकला, आणि आपण काय घेतलंय ते त्याला कळलं. तो नाव परत द्यायला आला होता, आमच्या समोरच, टोपी हातात घेऊन. भावजींनी त्याला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "आता टोळीच्या जिभेला तू बसलायस. हाक बदलली की कुणीतरी मरतं. राहू दे." मग त्याच्याकडून त्याच्या मुलखातली लाडकी रूपं विचारून घेतली.

भावजी निवृत्त झाले, मुलीचं लग्न होऊन ती दूर गेली, पाहुण्याचे केस पांढरे झाले. शेवटच्या आजारात मी भावजींबरोबर दवाखान्यात जायची. नर्स दारात येऊन त्यांचं नाव पुकारायची आणि हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत निवांत बसलेले. ताई कोपराने ढोसायच्या, "अहो, तुम्हाला!" ते दचकून म्हणायचे, "मला? हां, मला." नर्सने कागदावर 'ऐकू कमी येतं' लिहून टाकलं. मी हसले. ताई हसल्या नाहीत.

ते गेले त्या सकाळी गोदीच्या फाटकावर खबर द्यायला मी निघाले. जुना कामगार गेला की तिथल्या फळ्यावर खडूने नाव लिहितात. ताई म्हणाल्या, "खरं नाव लिहायला सांग."

"ताई, कुणाला कळणार नाही. शेजारी ओसिप तरी घालू."

"नको. जन्मभर दुसऱ्याकडे होतं. आज एक दिवस त्यांचं असू दे."

मी तसं सांगितलं, फाटकवाल्याने तसं लिहिलं.

दुपार झाली. मुलगी येऊन पोचली. आळीतले लोक येऊन बसले. गोदीतलं मात्र एक कुत्रं फिरकलं नाही. ताई दाराकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघणं टाळत होते.

तिकडे काय झालं होतं, तर टोळीने फळा वाचला होता. त्या नावाचा माणूस त्यांना एकच माहीत, आणि तो नेमका त्या दिवशी कामावर नव्हता. कालपर्यंत ठणठणीत होता रे, असं म्हणत सगळी टोळी पुष्पचक्र घेऊन पाहुण्याच्या घरी गेली. दार पाहुण्यानेच उघडलं, सुजलेल्या दाढेला मफलर बांधून. नवा मुकादम जिन्यावरून मागच्या मागे पडता पडता वाचला.

"काय रे?" पाहुणा म्हणाला. "कोण गेलं?"

"तू."

त्याने पुष्पचक्राकडे बघितलं. तिथल्या तिथे पायरीवर बसला. मग म्हणाला, "मी नाही. ज्याचं आहे, तो गेला."

आमच्या जिन्यात बुटांचा आवाज झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. खोलीत मावेनात इतके आले, व्हरांड्यात उभे राहिले, काही पार नळापर्यंत. सगळ्यांत पुढे मफलर बांधलेला पाहुणा. तो ताईंच्या पुढ्यात वाकला. मग वळून मुकादमाला म्हणाला, "उद्यापासून मला ओसिप म्हणा."

"हाक बदलायची? वळशील का?"

"आता वळेन."

न्यायची वेळ झाली. चौघांनी खाली हात घातले. डोक्याशी क्रेनवाला उभा होता, तो आता म्हातारा झालेला. उचलायचं म्हटल्यावर त्याच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीने नाव निघालं. धक्क्यावर निघतं तसं, मोठ्याने, पूर्ण. भावजींचं नाव.

ताईंनी मान वर केली.

मी बघत होते म्हणून मला दिसलं, पाहुण्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला होता. त्याने तो डाव्या हाताने धरला आणि हळूच खाली आणला. क्रेनवाला थोडा वेळ थांबला, कुणाचाच हात वर आला नाही.

मग त्यांनी उचललं.