घराचा ताबा

"आपल्यासारखे हात बांधून नमाज पढलात काय आणि शियांसारखे हात सोडून पढलात काय, ऐकणारा एकच ना?" बायकोने पातेल्यावर झाकण आपटलं. "मग जा त्यांच्या मौलानांकडे, आजपासून मी शिया म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. शेजारच्या कुलूपवाल्याने केलंच की!"

फरशीवाला गुडघ्यांना तेल चोळत होता. "कुलूपवाल्याचं त्याच्यापाशी."

"आणि आपल्या पोरीचं कुणापाशी?"

पोर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा वारला तशी माहेरी आलेली, आणि या दोन खोल्यांशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं. घरातली माणसं सुन्नी. त्यांच्या कायद्याने बापामागे एकट्या मुलीला अर्धं घर, बायकोला आठवा हिस्सा आणि उरलेलं बापाच्या धाकट्या भावाला. शियांच्या कायद्यात मुलगी असली की भावाला काही मिळत नाही. बायकोने हे कुलूपवाल्याच्या बायकोकडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून नवऱ्याला जेवण गोड लागू दिलं नव्हतं.

धाकटा भाऊ समोरच चहा पीत होता. "भाभी, हक्क अल्लाने दिलाय. मी काही मागायला गेलो नव्हतो."

"भावजी, दिलेला हक्क सोडू नका असंही अल्लाने सांगितलेलं नाही."

भावाने बशीत तोंड घातलं.

"तू म्हणतेस ते मी करणार नाही," फरशीवाला म्हणाला. "ते लोक परके आहेत म्हणून नाही. मी त्यांना जवळून बघितलंय म्हणून."

आणि खरंच, त्याच्याइतकं जवळून कोण बघणार? त्याचा सगळा जन्म मशिदींच्या जमिनीवर रांगत गेला होता. कुणाला रांगेसाठी काळ्या दगडाची पट्टी हवी असायची. कुणाचा घोट्याला घोटा भिडला पाहिजे असा आग्रह, म्हणून पट्टी सुतासारखी सरळ लागायची. शियांच्या मशिदीत कपाळाखाली माती नाहीतर दगडच हवा, तिथे गालिचा पुढपर्यंत येत नसे. पाणसळ ठेवली की सगळीकडे बुडबुडा मध्येच यायचा. घोट्यांवरून भांडणारे लोक पाणसळीवरून मात्र कधी भांडले नाहीत, असं तो हसून सांगायचा.

"त्यांच्या मशिदीत काम चालू होतं," तो म्हणाला. "एक हमाल आला. मातीच्या टिकलीवर कपाळ ठेवलं आणि उठेचना. खांदे हलत होते त्याचे. माझा कालवलेला माल घमेल्यात सुकून दगड झाला, पण मला हातोडी मारवेना. त्या माणसाच्या शेजारी मी मनात घराचा हिशोब घेऊन उभा राहू? खोटंच बोलायचं तर माझी मशीद काय वाईट आहे?"

बायकोला ते पटलं नव्हतं. तत्त्वाने छप्पर शाकारता येत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आपल्याच मौलवींकडे गेला आणि वेगळंच काही घेऊन आला. मौलवी म्हणाले, वारशाच्या वाटण्या माणूस मेल्यानंतरच्या. माणूस जिवंत आणि धडधाकट असताना आपलं घर बक्षीस देऊ शकतो. मात्र नुसत्या बोलण्याने बक्षीस होत नाही, ताबा द्यावा लागतो. देणारा आत झोपतोय, त्याची पेटी आत आहे, तर ते दिलेलं नाहीच. सामानासकट बाहेर पडायचं. आणि मुलीला एकदा दिलं की परत मागायचं नाही.

"म्हणजे उद्या तिने बाहेर राहा म्हटलं तर?" बायकोचा आवाज बारीक झाला.

"तर बाहेर राहायचं."

"ही पळवाट आहे, भाईजान," भाऊ म्हणाला.

"पळवाटेने जाणारा काहीतरी वाचवून नेतो. मी काय नेतोय, सांग."

भाऊ उठला. फरशीवाल्याच्या ट्रंकेचं दुसरं टोक त्याने धरलं.

थाप्या, ओळंबा, रबरी हातोडा, दाढीचं सामान, जुना चष्मा, सगळं बाहेर गेलं. शेवटी खिळ्यावरचा सदरा काढून घेताना फरशीवाल्याने मुलीला विचारलं, "हा खिळा तुझा की माझा?"

"भिंत माझी, तर खिळाही माझाच," मुलगी म्हणाली. हसायला गेली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दोन शेजारी साक्षीला होते. तो म्हणाला, "हे घर मी तुला दिलं." ती म्हणाली, "मी घेतलं." एवढंच. मग तो भावाच्या घरी झोपायला गेला, ज्याच्या हातून घर गेलं त्याच्याच घरी!

सकाळी, मुलीपाशीच राहिलेली बायको झाडू मारत होती. पायऱ्यांशी कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं म्हणून तिने वर पाहिलं. नवरा बाहेर उभा होता, चपला घालून. मागे भाऊ. दार सताड उघडं होतं. इथली एकेक फरशी त्याने स्वतःच्या हाताने ठोकून बसवलेली, आणि त्याचा पाय उंबऱ्याबाहेरच होता.

"येऊ का आत?" त्याने मुलीला विचारलं.

बायकोच्या हातातला झाडू तसाच राहिला. इतकी वर्षं या माणसाचे कपडे धुतले, गुडघे शेकले, कटकट केली, ऐकून घेतली. तो चांगला आहे हे तिला ठाऊक होतं, जसं घरातलं पीठ चांगलं आहे हे ठाऊक असतं. आज पहिल्यांदा तिला त्याच्याकडे बघायचा धीर होईना. नाटक नव्हतं ते. मुलगी नाही म्हणाली असती तर तो खरोखरच वळून गेला असता, आणि ते त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं. भावानेही डोक्यावरची टोपी नीट बसवून घेतली होती. गल्लीतून जाणारा दूधवाला सायकल धरून थबकला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं.

मुलीने कमरेला पदर खोचला.

"या," ती म्हणाली. "अब्बा आणि अम्मा मरेपर्यंत इथेच राहतील, आत यायला मला कुणी विचारायचं नाही. आणि चाचा, तुम्ही या केव्हाही, पण उद्यापासून दार वाजवून."