कुसुमची पोट्टी सातला कशी झोपते?

"...दुधात घालून पाजते, अन् जाणार ड्युटीवर!" नळावर मालूबाई एवढं बोलली आणि मला बघून गप्पच झाली. काय पाजते, कोणाला पाजते, काही नाही! पण आमच्या गल्लीत ड्युटीवर जाणारी बाई एकच, कुसुम. टेलिफोन ऑपरेटर. तिला आता संध्याकाळची ड्युटी लागणार होती, आणि दोन वर्षांची पोट्टी तिच्याशिवाय झोपत नसे. सासूनं बजावलंच होतं, "पोट्टी तुह्यासाठी एक रोज जरी रडली, त नोकरी बंद!"

मग सांगा, अर्धी बातमी ऐकून मला जेवण गोड लागेल?

तसे लेकरं झोपवण्याचे किस्से आमच्या गल्लीत धुण्याच्या ढिगासारखे. एक उचलला की खालून दोन निघतात.

वानखेडे गुरुजींचा मुलगा रेडिओच्या बातम्यांवर झोपायचा. एकदा रेडिओ रिपेअरला गेला. गुरुजी खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि स्वतःच बातम्या देऊ लागले! परदेश झाला, दिल्ली झाली, संत्र्यांचे भाव झाले. पोट्टं टक्क जागं!

शेवटी बायको आतून ओरडली, "अवो, हवामान राहिलं ना!"

हवामान सांगितलं. पोट्टं झोपलं.

राऊतांच्या गोटूला आईच्या बांगड्यांचा आवाज लागायचा. ती थोपटायची, बांगड्या वाजायच्या, की गोटू गार! तिची आई आजारी पडली म्हणून ती एकटीच भिवापूरला गेली. राऊत म्हणजे ऑफिसात क्लार्क, अंगानं पैलवान. तिच्या ठेवणीतल्या बांगड्या काढल्या, तर हातात शिरेनात. त्यानं त्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधल्या आणि बसला थोपटत.

तेवढ्यात दार वाजलं. राऊत तसाच उठला. दारात त्याचे साहेब!

साहेबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. आत पाळण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आमचं किल्ल्यांच्या जुडग्यावर झोपते."

ढोबळ्यांच्या जुळ्या मुली ऐन उन्हाळ्यातल्या. जन्मल्यापासून कूलरची घरघर कानात. थंडी पडली तरी कूलर बंद केला की दोघी भोकाड पसरायच्या. ढोबळेंनी डोकं चालवलं. पाणी काढून टाकलं आणि कूलरचं तोंडच गल्लीकडे केलं! बाहेर समोरच्या घरचे बापूजी नुकतीच शेकोटी पेटवून बसले होते.

"काहून गा ढोबळे, मले मारून राहिला काय?"

"बापूजी, थोडा दम धरा जी! एक झोपली, एक राहिली!"

तर कुसुम.

ड्युटीच्या पहिल्या संध्याकाळी मी विरजण मागायला तिच्याकडे गेले. घरात विरजण होतं, पण ते असो. कुसुम वेणी घालता घालता सासूला सगळं परत समजावत होती. आधी पाय धुवायचे. मग तळव्यांना तेल. मग चिमूटभर जायफळ घालून दुधाची वाटी. मग झिरोचा बल्ब लावायचा, थोपटायचं आणि तीच एक अंगाई म्हणायची.

"काकू, रोज सारखंच केलं की लेकरू आपोआप झोपते," ती मला म्हणाली. "आता आईंनी केलं तरी झोपन." पण पदर खोचून निघाली, ती दारातून दोनदा परत आली.

म्हणजे अफू नाही, जायफळ होय! माझा जीव भांड्यात पडला. कुसुम गेली. मी बाहेर ओट्यावर बसले. हवा खायला!

आजीनं सगळं अगदी क्रमानं केलं. दूध मात्र पोट्टीनं ढकललं. "नाही पेत? मंग वाया घालवू काय?" म्हणत आजीनं वाटी स्वतःच रिकामी केली. झिरोचा बल्ब लागला. अंगाई सुरू झाली, थोड्या वेळानं अर्ध्यात थांबली.

मी खिडकीतून डोकावले. आजी घोरत होती. आणि पोट्टी तिच्या उशाशी बसून, इवल्याशा हातानं तिला थोपटत, तीच अंगाई म्हणत होती!

"सोने..." मी हळूच हाक मारली.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! आजी झोपून राहिली."

बाप दुकान बंद करून येईपर्यंत ती तिथून हलली नाही. रडण्याचं तर नावच नाही.

दुसऱ्या दिवशी सासूनं नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक टिपूस नाही काढलं पोट्टीनं! माहा डोळा लागाच्या आधीच झोपली असन. जाऊ दे कुसुमले खुशाल ड्युटीवर!"

मालूबाईनं मला कोपरानं ढोसलं. "पाजते ना वं? खरं सांग."

"जायफळाचं खरं आहे," मी म्हटलं. "पोट्टीचं काही इचारू नको."