रुमालातलं विरजण

समोरच्या घरातली एलिफ विद्यापीठात तुर्की शिकवते. तिचा व्हिसा विद्यापीठाच्या पत्रावर चालतो. यंदा ते पत्र वेळेवर निघालं नाही, म्हणून मुदत संपायच्या आत तिला देश सोडावा लागला. निघताना ती वाटीभर दही घेऊन माझ्या दारात आली.

"काकू, रोज थोडं लावत राहा. मी येईपर्यंत हे संपू देऊ नका."

"येणार कधी?"

"पत्र मिळालं की."

हे विरजण तिनं आईकडून आणलं होतं, दह्यात बुडवून वाळवलेल्या रुमालातून. इकडे येताना विमानतळावर तिचे कागद उलटसुलट करून तपासले गेले. रुमालाकडे कुणी पाहिलं नाही. इथल्या म्हशीच्या दुधात तो भिजवला आणि दही लागलं. दुधानं कुणाची हमी मागितली नाही.

माझी तक्रार नाही. देशाला दार असायचंच. माझ्याही दाराला साखळी आहे, आणि अनोळखी माणसाला मीही ती न काढताच नाव विचारते.

समोर अजून कुलूप आहे. मी रोज संध्याकाळी कोमट दुधात तिचं विरजण घालते. आज सकाळी भांडं तिरकं करून पाहिलं. दही जागचं हललं नाही.