टाकीखालची टाकी

मी शिकवते त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची बदली झाली आणि त्यांची माशांची टाकी आमच्या घरी आली. तीन फुटी काचेची टाकी, चार गोल्डफिश आणि अर्धा संपलेला खाद्याचा डबा. "सांभाळ गं, तिकडं नेणं जमणार नाही," म्हणाल्या. मला माशांची हौस नव्हती. पण मी काही बोलायच्या आत टेम्पो सेलूच्या आमच्या गल्लीत येऊन उभासुद्धा राहिला.

टाकी बैठकीत ठेवली, कारण जागा तिथंच होती. बैठकीत माझे सासरे बसत. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी उभं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं. सासूबाई गेल्या आणि त्यांचं वर्ष व्हायच्या आत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही परत आलं. उजवा हात तेवढा लुळा राहिला. पण परत आलेलं बोलणं ते वापरायचे नाहीत. माझ्याशी तर पहिल्यापासूनच नाही. मला काही सांगायचं असलं की ते माझ्या नवऱ्याला सांगत, "भाजीत मीठ लय झालंय म्हणावं." मी तिथंच उभी असे. नवरा नोकरीसाठी रोज परभणीला जाऊन-येऊन करतो. मी शाळेतून आल्यापासून तो परत येईपर्यंत आम्ही दोघं एका घरात गुपचूप असायचो. खरं सांगायचं तर मला ते दोन-तीन तास जड जात.

टाकी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामांची खुर्ची टीव्हीकडून टाकीकडं वळलेली दिसली.

गोल्डफिश खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात. टाकीतला छोटा फिल्टर त्यांना पुरेना. पाणी दुधाळ व्हायला लागलं. मी दर दोन दिवसांनी बादल्या भरभरून पाणी बदलायची, कंबर धरायची, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा दुधाळ. एका दुपारी शाळेतून आले, तर मामांनी एक मासा वाटीत काढून वर ताटली झाकून ठेवली होती. ताटली उचलायच्या आधीच मला कळलं. त्यांनी तो डाव्या हातानं, गाळणीनं काढला असणार. खाली फरशीवर पाणी सांडलेलं होतं.

परभणीच्या माशांच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "मॅडम, सम्प बसवा. टाकीच्या खाली दुसरी टाकी. वरचं पाणी खाली उतरतं, तिथं गाळलं जातं, आणि मोटर ते परत वर चढवते." त्या संध्याकाळी मी मोबाइलवर सम्प बनवायचा व्हिडिओ बघत बसले होते. काचेची लांबट पेटी, आत उभ्या काचा लावून केलेले तीन कप्पे, पहिल्यात गाळायला स्पंज. पाणी एका आडकाचेवरून जातं, दुसरीच्या खालून निघतं. मी कागदावर आकृती काढत होते. मागून आवाज आला.

"ती मधली काच उलटी काढलीस."

मी दचकून वळले. मामा खुर्चीतून पुढं वाकून बघत होते. मी म्हटलं, "कशी मामा?"

"पाणी वरून जायला पायजे तिथं तू खालून वाट ठिवलीस. मंग स्पंजातून जाईल कशाला ते? सोपी वाट सोडून पाणी कुठं जातंय?"

मी खोडरबर घेऊन रेघ पुसली. मग पेन्सिल त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी ती डाव्या हातात धरली आणि वेडीवाकडी, पण बरोबर आकृती काढली.

पुढचे पंधरा दिवस आमच्या बैठकीची कार्यशाळा झाली. टेप मी धरायची, माप ते सांगायचे. टाकीच्या स्टॅंडमधली खालची जागा त्यांनी माझ्याकडून तीनदा मोजून घेतली. स्टेशनाजवळच्या फोटोफ्रेमवाल्यानं काचा कापून दिल्या. त्याचा आणि मामांचा जुना परिचय. काचेवर हिरा फिरवता फिरवता तो म्हणाला, "मिस्त्री, तुमी कवापासून मासे पाळायलात?"

मामा म्हणाले, "मी न्हाई. हिचे हायत."

काचा घरी आणल्यावर त्यांच्या धारदार कडा मी ओल्या दगडानं घासल्या. मग सिलिकॉन. त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. दोन दिवस घरभर लोणचं नासल्यासारखं वाटत होतं. मामा एका हातानं काच काटकोनात धरायचे आणि मी सांध्यात बोटानं सिलिकॉन दाबत जायची. "थांब. तिथं बुडबुडा ऱ्हायला." ते एवढंच बोलायचे, पण माझ्याकडं बघून बोलायचे. फोटोफ्रेमवाल्यानं घरी येऊन वरच्या टाकीच्या मागच्या काचेला वरच्या अंगाला भोक पाडून दिलं. तो ड्रिल चालवत होता तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले. मामा मात्र हातभर अंतरावर उभे होते.

रविवारी मोटर सुरू केली. पाणी भोकातून खाली उतरलं, पहिल्या कप्प्यातल्या स्पंजातून, दुसऱ्यातल्या मातीच्या नळ्यांमधून फिरलं आणि तिसऱ्यातून परत वर गेलं. कुठं थेंबही गळला नाही. मामा म्हणाले, "खाली पाणी भरपूर ठिव. मोटर कोरडी पडू ने." मी सम्प काठोकाठ भरला. आणि वर पाणी पडायचा आवाज नको म्हणून मोटरचा पाईप मीच टाकीत पार तळापर्यंत नेला. आठवडाभरात पाणी इतकं नितळ झालं की माशांच्या मागची भिंत दिसायला लागली. उरलेले तिन्ही मासे मोकळे फिरू लागले.

मग एक गुरुवार. माझा आठवीवर तिसरा तास चालू होता. फोन थरथरला. मामांचा नंबर. मामांनी मला त्याआधी कधीही फोन केला नव्हता. वर्गाबाहेर येऊन फोन घेतला.

"सूनबाई, लाईट गेली. खालच्या टाकीतून पाणी बाहीर यायलंय. थांबना."

मला एका क्षणात सगळं दिसलं. मोटर बंद पडली, पण पाईप तळापर्यंत बुडालेला. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल काढतात तसं वरचं पाणी त्याच पाईपातून उलटं खाली यायला लागलं होतं. खाली जागाच नव्हती. वक्रनलिका, म्हणजे सायफन. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मीच शिकवते.

"मामा, मोटरचा पाईप टाकीतून वर काढा. तोंड पाण्याबाहेर आलं की थांबेल."

"उंच हाय ते."

"स्टूल नका घेऊ! पाय घसरेल. उभं राहून जमेल तेवढं ओढा."

फोन खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसतं पाणी, फरशीवर पडणारं. मामांचा श्वास. काहीतरी आदळलं. मी वऱ्हांड्याचा खांब धरून उभी होते, आणि मनात एकच चाललं होतं की मासे मेले तरी चालतील, टाकी फुटली तरी चालेल. बराच वेळ गेला, निदान मला तसा वाटला. मग दुरून आवाज आला, "निघाला."

मुख्याध्यापकांना सांगून मी स्कूटी काढली. घरी पोचले तर बैठकीत घोट्याएवढं नाही, पण चप्पल तरंगेल एवढं पाणी होतं. मामा खुर्चीत बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि पाईप अजून डाव्या हातात घट्ट धरलेला. पाईपाचं तोंड छताकडं. वरच्या टाकीत निम्मंच पाणी होतं, मासे त्यात खाली खाली फिरत होते.

मी म्हटलं, "सोडा आता मामा. थांबलंय."

त्यांनी सोडला नाही. म्हणाले, "चूक माझी हाय. लाईट गेल्यावर मशीन काय करंल, ते आधी बघायचं असतंय. जिनिंगात नव्या माणसाला मी पहिली हीच गोष्ट सांगायचो. आन मीच इसरलो." लुळ्या हाताकडं बघून म्हणाले, "झटक्यात हातच गेला आसं वाटलं होतं. आता डोकंबी गेलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, सासूबाईंच्या वेळीसुद्धा नाही. मी ओल्या फरशीवर त्यांच्या खुर्चीशेजारी बसले आणि म्हणाले, "मामा, पाईप तळापर्यंत मी नेला. आणि मी विज्ञानाची बाई आहे. आज सकाळी दुसऱ्या तासाला वक्रनलिकाच शिकवली."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. झटक्यामुळं त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसते. मलाही हसू आलं आणि मग आवरेना.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा आम्ही सुई तापवत होतो. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाईपाला बारीक भोक पाडलं, की पाणी तिथवर उतरल्यावर हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक मामांनीच पाडलं, डाव्या हातानं. मी पाईप धरला. सम्पातलं पाणीही कमी केलं. मग मुद्दाम बटण बंद केलं. खालचं पाणी चढत गेलं आणि काठाच्या चार बोटं खाली थांबलं. मामा म्हणाले, "पुन्ना एकदा." आम्ही पाच वेळा बघितलं. नवरा चहा मागत होता. त्याला कुणी दिला नाही.

फोटोफ्रेमवाल्याकडून बातमी फिरली. जवळच्या मानवत गावातल्या एका दुकानदाराला तसाच सम्प हवा होता. झटक्यानंतर मामा दवाखान्याशिवाय कुठं गेले नव्हते, पण त्या रविवारी तेच आधी तयार होऊन बसले. एसटीत मी त्यांना खिडकी दिली. गाव मागं पडल्यावर त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "तुला माजी भीती वाटायची का गं?"

"वाटायची," मी म्हटलं.

"मला वाटायचं, ही शिकलेली. आपण काय बोलावं हिच्यासंगं?"

कंडक्टर आला. मामांनी खिशातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून त्याला दाखवलं आणि माझ्याकडं मान करून म्हणाले, "दोन मानवत. माजं अर्धं, बाईंचंबी अर्धं."