सुतकातला सोल

दांडी गावचे माझे काका गेले. घरात सुतक, त्यामुळे टीव्हीसुद्धा बंद. मला नालायकाला राहवेना. मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलो, इयरफोन घातले आणि अमेरिकेतल्या मेम्फिसचा, जीव ओतून गायलेल्या 'सोल' गाण्यांचा जुना अल्बम लावला. बेस आणि ट्रम्पेट असे घुमले की माझे खांदे हलायलाच लागले.

पाठीवर काकीचा हात पडला. तिला वाटलं, मी हुंदके देतोय. "रड पोरा, आमी हाय ना." तिने मला जवळ ओढलं तसा एक इयरफोन निसटला. तिने तो कानाशी धरला. गायक जीव तोडून ओरडत होता.

"याचा कोण गेला रं?"

मी मान खाली घालून म्हणालो, "काका."

मग अल्बम संपेपर्यंत काकी त्या गायकासोबत रडली. मी ठेका धरलेला पाय दुसऱ्या पायाखाली दाबून ठेवला.