कुसुमवहिनीचा भोकांचा स्वेटर

आमची कुसुमवहिनी आज सकाळी गेली.

सरळ स्वेटर कोणीही विणतं. वहिनीनं पाडलेल्या भोकांसाठी नागपूरची पोरं गाडीत बसून पांढुर्ण्याला यायची.

हसू नका. ऐंशीच्या दशकातली खरी गोष्ट आहे.

मी तेव्हा पांढुर्णा आणि सौंसरच्या आठवडी बाजारात सायकलवर लोकर विकायचो. विकणाऱ्यानं तोंडापेक्षा कान जास्त चालवावे, हे मी तिथंच शिकलो.

एक दिवस पांढुर्ण्याच्या संत्रा मार्केटमध्ये नागपूरचा एक कॉलेजचा पोरगा आपल्या मामाला सांगत होता, "अख्ख्या नागपुरात कोणी विणून द्यायला तयार नाही. सगळे हसतात."

मी कान टवकारले.

त्याच्या हातात विदेशी मासिकाचं एक पान. लंडनचा कोणी पंक पोरगा. केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. अंगात मोहेरचा, म्हणजे त्या केसाळ लोकरीचा ढगळ स्वेटर. काळे-लाल पट्टे, बाह्या बोटांच्या खाली, आणि जागोजागी भोकं.

मी म्हटलं, "माझी वहिनी विणते."

तिला न विचारताच!

वहिनीनं ते पान खिडकीशी नेऊन खूप वेळ पाहिलं.

"भाऊजी, हे फाटलेलं नाही. याले मन लावून बिघडवलं आहे."

"जमन?"

"सरळ विणणं जमते, त बिघडवणं काहून नाही जमणार?"

माझा मोठा भाऊ, दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, शाळेत मास्तर. त्याचं तोंड कडू झालं.

"मास्तरची बायको फाटके स्वेटर विणते, असं गावभर होईन. हा एक करून पाहा. वापस आला, तर बाहेरच्यांचं विणणं बंद. घरातलंच विणाचं."

वहिनीनं ते पान पुन्हा खिडकीशी नेलं.

विणणं बंद म्हणजे तिच्यासाठी काय, ते मला माहीत होतं. साऱ्या गावासाठी ती मास्तरची बायको होती. स्वेटर विणायला टाकणारेच तेवढे तिला "कुसुमबाई" म्हणायचे.

एका रंगाची पुरेशी मोहेर माझ्याकडे नव्हती. वहिनीनं पेटी उघडली.

आमच्याकडे रीत होती. स्वेटर झाला, की उरलेला गोळा विणणारीनं परत करायचा. मालकीण "राहू दे" म्हणाली तरच ठेवायचा. वहिनीजवळ अशा "राहू दे"ची पेटी भरली होती. काळा गोळा पोस्टमास्तरीणबाईंच्या शालीचा. लाल, सौंसरच्या तिच्या मैत्रिणीचा. कमी पडलं तिथं एक पट्टा जांभळा, तो कोणाच्या तरी टोपीचा.

बारीक मोहेर तिनं जाड सुयांवर सैल विणली. मध्येच टाके सोडले. ते उसवत खाली जाऊ नयेत म्हणून काठावर अडवले. दोनदा फसलं, दोनदा उसवलं. मोहेर उसवून पाहा कधी, केसाला केस चिकटून बसतो.

शनिवारी स्वेटर तयार. पोरगा संध्याकाळच्या पॅसेंजरनं येणार होता.

सकाळी वहिनी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली. दुपारी परत आली, तर आमची आई ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसलेली. चेहरा उजळलेला.

"काहून व कुसुम, एवढी भोकं पडली होती, सांगाचं नाही का? सारी बुजवून टाकली. आता कोणाच्या बापाले दिसणार नाही!"

खरंच दिसत नव्हती. आईचं रफू म्हणजे रफू.

दादा खूश. "आता कसा स्वेटरासारखा दिसून राहिला. हाच दे."



मी आईवर ओरडणार होतो. वहिनीनं हातानंच मला थांबवलं. स्वेटर उलटा-सुलटा करून पाहिला.

"छान केलं आई. पण त्या पोरानं असा नाही सांगितला."

कैची घेतली. पण कापणार कुठं? मोहेरच्या केसांत रफू गडप. चुकीचा धागा तुटला, की संपलं.

"आई, तुम्हीच दाखवा."

"माह्या हातानं भोकं पाडू? म्हातारपणी हेच राहिलं होतं!"

"तुमच्या बोटाले सापडन. माह्या डोळ्याले नाही सापडून राहिलं."

आई रुसली. तोंड फिरवून बसली. मग डोळे मिटून तिनं स्वेटरवर बोटं फिरवली.

"हे एक."

सासू कापून राहिली, सून टाके पकडून राहिली, मी चहा करून राहिलो.

"हे केवढं होतं व?"

"तुमचा अंगठा जाईन एवढं."

"मायबाई!"

शेवटचं भोक मोकळं झालं, आणि दारात पोरगा. मागं मामा.

पोरानं स्वेटर अंगात घातला. आमच्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. बाह्या बोटांखाली ओढल्या. दादा हाताची घडी घालून पाहतोय. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी.

आईला राहवेना. "थंडी लागन रे बाबा तुले."

"लागू द्या, आजी."

मग वहिनीकडे वळला. "कुसुमबाई, हा फोटोपेक्षा भारी झालाय. माझ्या चार मित्रांना पण पाहिजे."

सोमवारी दादा शाळेतून आला, पिशवीतून हिरवा गोळा काढून वहिनीपुढं ठेवला. "स्टाफरूममधल्या बाईंकडे उरला होता. राहू दे म्हणाल्या."

बस. एवढंच बोलला.

पुढं माझं दुकान झालं. लोक मला सेल्फमेड म्हणतात, मी ऐकून घेतो. पण दुकानाच्या काचेत पहिल्या दिवसापासून वहिनीच्या हातचा माल होता, आणि लोक आधी काचेजवळ थांबायचे, मग माझ्याजवळ.

पांढुर्णा-सौंसरच्या कितीतरी पोरी तिच्यापाशी बसून शिकल्या. मागच्या महिन्यातही बाहेरची एक ऑर्डर सुयांवर होती.

तिचे हात शेवटी वयानं थांबवले. कोणा माणसाला ते जमलं नाही.

वहिनी, तुमचा दीर म्हणून आज मान ताठ ठेवूनच रडतो आहे.

सुखानं जा.