डोंगरावरची डबल बेल

"शिट्टी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं." हे ते एस.टी.त सांगत नसत, कळसूबाईच्या पायथ्याशी सांगत. सांगताना त्यांचा डावा हात डोक्यावर जाई, तिथं नसलेली घंटीची दोरी दोनदा ओढी आणि खाली येई.

मी राजूरच्या शाळेत मास्तरीण होते, तेव्हा तालुक्याच्या अकोल्याहून येणाऱ्या गाडीचे ते कंडक्टर. मूळचे कोल्हारचे. दर वर्षी दसरा झाला की एका रविवारी आम्हाला कळसूबाईला नेत. आम्ही म्हणजे शाळेतले शिक्षक, दवाखान्यातला कंपाउंडर आणि पोस्टातले दोघे. वाट दाखवणारा माणूस पुढे चालतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचा सगळ्यांच्या मागे चाले. "पुढं ड्रायव्हर हाय की," म्हणे. त्या दिवशी जो सगळ्यांत चपळ तो ड्रायव्हर, आणि तो बहुधा कंपाउंडरच असे. त्याला वाट ठाऊक नव्हती, पण त्यानं काही अडत नसे. तो चुकला की मागून शिट्टी वाजे.

शिट्टीआधी कुणी उठून चालू लागलं, तर ते रागावत नसत. त्याला परत बोलावत, बसवत आणि मग डबल बेल देत. आमच्या हेडमास्तरांनाही त्यांनी असं बसवलं. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारे हेडमास्तर मुकाट बसले.

माथ्याखाली उभा कातळ होता आणि त्यावर लोखंडी साखळी. ती धरून वर जायचं. मी साखळी पाहिली की खाली बसायची. उंचीचं मला पहिल्यापासून वावडं. वर्गात फळ्याचा वरचा भाग पुसायला मी स्टुलावरसुद्धा चढत नसे. साखळीपर्यंत गेलं म्हणजे कळसूबाई झाली, असं मी घरी बिनदिक्कत सांगत असे. बाकीचे वर जात आणि कंडक्टर माझ्या शेजारी बिडी ओढत बसत. मी म्हणायची, "अहो, तुम्ही तरी जा." त्यावर उत्तर ठरलेलं.

"गाडीत पॅसिंजर असताना कंडक्टर उतरतो व्हय?"

वर जाणाऱ्या कंपाउंडरच्या हातात मात्र ते न चुकता एक हिरवा खण आणि नारळ देत. "देवीला सांग, माझं हाय."

एका वर्षी बसल्या बसल्या मी विचारलं, हा खण कसला?

"पोरगी तापानं पडली हुती," ते म्हणाले. "पायातलं बळच गेलं. उभी राहिली तर माझ्या हातानं खण वाहीन, असं बोललो हुतो. राहिली उभी. जरा लंगडती, पर चालती."

"मग हातानं का वाहत नाही?"

"दर साली कोन ना कोन इथं बसतंच. आधी पोस्टातले बसायचे. आता तुमी." त्यांनी बिडी विझवली. "आता जामखेडला बदली झाली. पुढल्या साली काय यायला जमत न्हाई."

मला असा राग आला म्हणता! त्यांचा, साखळीचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचाच. मी पदर खोचला आणि साखळी धरली.

"बाई, राहू द्या."

"डबल बेल द्या," मी म्हटलं.

शिट्टी दोनदा वाजली. मी जीव मुठीत धरून चढत होते आणि ते खालून, भरल्या गाडीत म्हणतात तसंच, म्हणत होते, "पुढं जागा हाय, पुढं सरका." मी रडत होते. रडत रडतच वर पोचले.

देऊळ एवढंसं, एकेकानं आत जायचं. माझ्यामागून चढून आलेले ते सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी झोळीत हात घातला आणि हात तिथंच राहिला. खण देवीपुढे कधीच वाहून झाला होता. नारळ फोडून झाला होता. सवयीनं त्यांनी सकाळीच दोन्ही कंपाउंडरकडे दिलं होतं, आणि कंपाउंडर दाराशी खोबरं खात उभा होता. त्यानं चावायचं थांबवलं.

"तोच खण उचलून परत वाहा," हेडमास्तर म्हणाले.

"वाहिलेलं उचलत न्हाईत, सर."

 मग त्यांनी गळ्यातली शिट्टी गोफासकट काढली, देवीपुढे ठेवली आणि डोकं टेकलं. बराच वेळ टेकलेलंच होतं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. माझेही होते, पण माझे आधीपासूनचे.

"हातानं द्यायचं हुतं," ते म्हणाले. "दिलं."

आता उतरायचं, तर शिट्टी नाही. त्यांनी डावा हात वर केला, दोरी ओढली आणि तोंडानंच म्हणाले, "टिंग टिंग." आम्ही निघालो.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. डोंगरावर गवताची काडी नव्हती. उन्हाळ्यात जामखेडहून निरोप आला की ते गेले, झोपेतच. मला फार वाईट वाटलं. दसऱ्यानंतर जावं की नाही यावर आमची चर्चा चालली होती, तेवढ्यात त्यांची मुलगी शाळेत आली. "मला नेता का?" एवढंच म्हणाली.

ती सगळ्यांच्या मागे चालली. ती थांबली की आम्ही थांबत होतो. साखळी तिनं माझ्यापेक्षा बरी चढली. वर तिनं खण वाहिला. शिट्टी तिथंच होती, बांगड्यांच्या ढिगात गंजलेली. तिनं ती पाहिली, हात लावला नाही.

मग आम्ही दाराबाहेर ओळीनं उभे राहिलो. पुढे कंपाउंडर, त्याच्यामागे हेडमास्तर. उन्हं कलायला लागली होती. शेवटची एस.टी. चुकणार हे सगळ्यांना दिसत होतं, तरी कुणी हलेना. हेडमास्तर आपल्या चपलांकडे बघत होते.

मागून हलक्या आवाजात ती म्हणाली, "टिंग टिंग."

कंपाउंडरनं पाऊल उचललं.